दुपारचा अर्धा तास

नारायण मेघाजी लोखंडे यांच्याविषयी लिहिताना आपण बहुतेक वेळा रविवारच्या सुट्टीपाशी थांबतो. शालेय पुस्तकांपासून स्पर्धा परीक्षांच्या मार्गदर्शकांपर्यंत लोखंडे म्हणजे रविवार हे समीकरण इतके पक्के झाले आहे की, सप्टेंबर 1884 मध्ये परळच्या सुपारीबागेत गिरणी कामगारांच्या ज्या सभा झाल्या, त्यांतून निघालेल्या निवेदनातल्या बाकीच्या मागण्यांकडे सहसा कोणी पाहत नाही. सुमारे साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांच्या त्या निवेदनात रविवारची पूर्ण सुट्टी होतीच. शिवाय काम सकाळी साडेसहाला सुरू होऊन सूर्यास्ताला संपावे, पगार पुढच्या महिन्याच्या पंधरा तारखेच्या आत मिळावा, कामावर जायबंदी झालेल्याला बरा होईपर्यंत वेतन मिळावे, अशाही मागण्या होत्या. आणि रोज दुपारी अर्धा तास विश्रांती मिळावी अशी एक होती. ही मी मुद्दाम शेवटी लिहिली. मूळ निवेदनात ती रविवारच्या लगेच खाली आहे.

या अर्ध्या तासाचा अर्थ जेवणाची सुट्टी असा लावला जातो आणि तो चुकीचा नाही. पण गिरणीतली हवा कशी असे हे ध्यानात घेतले तर त्या मागणीत आणखी काही दिसू लागते. कोरड्या हवेत सूत तुटते. म्हणून गिरण्यांत वाफ सोडून हवा दमट ठेवण्याची पद्धत होती. दमट हवेत घाम सुकत नाही, आणि घाम सुकला नाही तर अंग निवत नाही. भर उष्म्यात शरीर थंड ठेवण्याचा हा माणसाजवळचा सगळ्यात खात्रीचा मार्ग. सूत शाबूत राहावे म्हणून नेमका तोच बंद करण्याची व्यवस्था तिथे होती. तेव्हा दुपारचा अर्धा तास ही भाकरीइतकीच, त्या वाफेतून बाहेर येऊन अंग निवू देण्याची मागणी होती, असे मी वाचते. 'दीनबंधू'च्या संपादकाने ती या शब्दांत मांडली नसेल. पण ज्यांनी खाली सह्या केल्या त्यांच्या अंगांना ती नीट कळत असणार.

एप्रिल 1890 मध्ये महालक्ष्मीच्या रेसकोर्सवर सुमारे दहा हजार कामगार जमले. त्या सभेत दोन कामगार स्त्रियाही बोलल्या. 10 जून 1890 रोजी गिरणीमालकांनी साप्ताहिक सुट्टी मान्य केली, आणि पुढच्याच वर्षीच्या कायद्याने कारखान्यातल्या स्त्रियांचे काम दिवसाला अकरा तासांवर आणून मध्ये दीड तासाची विश्रांती ठरवून दिली. मागितला होता अर्धा तास. स्त्रियांना, निदान कागदावर, दीड तास मिळाला. आपल्या कामगार इतिहासात असे क्वचितच घडले असेल. मात्र हा कायदा जिथे यंत्रशक्ती आहे आणि पन्नास किंवा त्याहून अधिक माणसे कामाला आहेत तिथेच लागू होता. भिंतीच्या आतल्या बाईला दुपार मिळाली. भिंतीबाहेरच्या बाईला दुपार होती, पण ती मिळवायची कोणाकडून, हा प्रश्नच त्या काळी कोणी विचारला नव्हता. दुपारची सुट्टी मागायची तर ती देणारा कोणीतरी समोर असावा लागतो. या लेखात मला जे म्हणायचे आहे ते बरेचसे एवढ्या एका वाक्याभोवती फिरते.

पुढच्या साठ-सत्तर वर्षांचा इतिहास थोडक्यात सांगता येईल. कायदे सुधारत गेले. 1948 च्या कारखाने अधिनियमात (हा कायदा 2025 च्या नोव्हेंबरात नव्या श्रमसंहितेत विलीन झाला) खेळती हवा आणि सुसह्य तापमान यांची तरतूद होती. अडीचशेहून अधिक कामगार असलेल्या कारखान्यात उन्हाळ्यात थंड पिण्याचे पाणी देणे मालकावर बंधनकारक होते. पण याच काळात गिरण्यांमधून स्त्रिया कमी कमी होत गेल्या. वाइंडिंग आणि रीलिंग या त्यांच्या खात्यांचे स्वरूप बदलले, बाळंतपणाच्या लाभाचा आणि रात्रपाळीच्या बंदीचा हिशेब मालकांनी आपल्या परीने मांडला, आणि बाईपेक्षा बाप्या बरा असे ठरले. म्हणजे थंड पाण्याचा माठ कारखान्याच्या दारात आला तेव्हा बाई दाराबाहेर पडत होती. ती गेली कुठे? डोक्यावर पाटी घेऊन रस्त्यावर, बांधकामावर, कचऱ्याच्या ढिगावर, आणि स्वतःच्या घरात विड्या वळायला. ज्याला आपण असंघटित क्षेत्र म्हणतो त्याच्यात.

बाहेरच्या उन्हात काम करणाऱ्या बाईला 'देणारा' प्रथम भेटला तो 1972 च्या दुष्काळात, आणि तो देणारा म्हणजे सरकार. मे 1973 मध्ये महाराष्ट्रात दुष्काळी कामांवर पन्नास लाखांच्या आसपास माणसे होती. त्यांत स्त्रिया फार मोठ्या संख्येने होत्या. खडी फोडणे, नालाबांध, पाझर तलाव, रस्ते. आणि हे सगळे ऐन वैशाखात. ज्यांचे बालपण त्या वर्षांत गेले त्यांना सुकडी आठवते, मिलो आठवतो. आयांच्या तळहातांवरचे घट्टे आठवतात. आपल्या ललित गद्यातला उन्हाळा मोगरा, वाळा, माठ आणि आंब्याची अढी यांचा आहे. तो खोटा नाही, पण तो सावलीत बसून लिहिलेला आहे. खडीच्या ढिगावरचा उन्हाळा मराठीत यायला दलित आत्मकथनांची वाट पाहावी लागली. उन्हाळ्यावरचा निबंध शिकवताना मी हे वर्गात सांगते, आणि मागच्या बाकांवरच्या एकदोघी मान वर करून पाहतात. त्यांच्या आया सध्या कुठे असतील हे त्यांना ठाऊक असते.

वि. स. पागे यांनी 1965 मध्ये तासगाव तालुक्यातल्या विसापूरला करून पाहिलेल्या प्रयोगातून आणि या दुष्काळाच्या अनुभवातून रोजगार हमीचा कायदा झाला. तो 1977 मध्ये मंजूर होऊन 26 जानेवारी 1979 पासून अमलात आला. कामाच्या जागी पिण्याचे पाणी, विसाव्याला आडोसा, लहान मुलांची सोय या गोष्टी तिथे मजुराला देय ठरल्या. 2005 च्या केंद्रीय रोजगार हमी कायद्याच्या परिशिष्टात तर मुलांसाठी आणि विश्रांतीच्या वेळेसाठी सावली असावी असे स्पष्टच लिहिले होते. 'सावली' हा शब्द कायद्याच्या कागदावर येणे ही मला भाषेच्या दृष्टीनेही मोठी घटना वाटते. आपल्या परंपरेत सावली आणि पाणी ही पुण्याची खाती आहेत. वाटसरूसाठी झाड लावावे, चैत्रात पाणपोई घालावी, राणीने विहीर बांधावी. अहमदाबादजवळची अडालजची पायविहीर 1499 च्या सुमारास राणी रूडाबाईने पूर्ण केली. पाच मजले जमिनीखाली उतरत जाणारी ती वाव म्हणजे पाणी भरायला येणाऱ्या बायांना मिळालेला गारवाच आहे. पण ते दान होते. दान घेणाऱ्याला दात्याशी हुज्जत घालता येत नाही. हक्काच्या बाबतीत ती घालता येते, आणि रोजगार हमीच्या कामांवर बायांनी ती पुष्कळदा घातलीही.

आता अहमदाबादचे नाव आलेच आहे तर तिथेच जाऊ, कारण ज्या बाईला सरकारही मालक म्हणून लाभत नाही तिच्या दुपारचा प्रश्न त्या शहरात सगळ्यात नेटाने विचारला गेला. तेथील मजूर महाजन ही 1920 मध्ये अनसूया साराभाई आणि गांधीजींच्या प्रेरणेने उभी राहिलेली गिरणी कामगारांची संघटना. तिची 1954 मध्ये सुरू झालेली महिला शाखा बरीच वर्षे कामगारांच्या घरच्या बायकांना शिवणकाम वगैरे शिकवत होती. इला भट्ट तिथे काम पाहू लागल्या, आणि सत्तरच्या दशकाच्या आरंभी कापड बाजारात डोक्यावरून गठ्ठे वाहणाऱ्या बायांशी त्यांची गाठ पडली. पुढचा प्रसंग साहित्याच्या अभ्यासकांनी लक्षात ठेवावा असा आहे. या बायांना मजुरी किती कमी मिळते याविषयी इला भट्ट यांनी वृत्तपत्रात लिहिले. व्यापाऱ्यांनी ते खोडून काढणारे उत्तर छापले आणि आपण किती योग्य दर देतो ते त्यात नमूद केले. महिला शाखेने व्यापाऱ्यांचा तोच मजकूर कार्डांवर छापून बायांच्या हाती दिला. ज्यांना वाचता येत नव्हते अशा बाया ते कार्ड दुकानदारासमोर धरू लागल्या. खोट्या विधानाला त्याच्या लेखकाकडूनच खरे करून घेण्याचा याहून सुंदर नमुना माझ्या तरी वाचनात नाही.

यातून 1972 मध्ये 'सेवा' ही संघटना उभी राहिली, पण तिच्या नोंदणीला कामगार खात्याने हरकत घेतली. या बायांना मालक नाही, मग त्या झगडणार कोणाविरुद्ध, आणि कोणाविरुद्ध झगडायचेच नसेल तर संघटना कशाला, असा सवाल होता. तो मूर्खपणाचा होता असे मी म्हणणार नाही. लोखंड्यांच्या काळापासूनचे सगळे कामगार कायदे याच गृहीतावर उभे होते. इला भट्ट यांचे म्हणणे असे की, संघटना कोणाच्या विरुद्ध असायलाच हवी असे नाही. ती कामगारांच्या एकीसाठीही असू शकते. अखेर नोंदणी झाली. दोनच वर्षांनी, 1974 मध्ये, चार हजार बायांनी प्रत्येकी दहा रुपये घालून स्वतःची सहकारी बँक काढली. 1981 मध्ये राखीव जागांच्या दंगलीत दलितांची बाजू घेतल्यामुळे मजूर महाजनाने सेवाला बाहेर काढले. 1992 मध्ये त्यांनी स्वतःचा विमाही सुरू केला. मालक नाही, तर जे मालकाकडून मिळायचे ते आपसात उभे करायचे, अशी ही सगळी वाट आहे. हे सारे उन्हाशी थेट संबंधित नाही. पण चाळीस वर्षांनी जेव्हा ऊन समोर आले तेव्हा तोच 1972 चा सवाल नव्याने उभा राहिला. सूर्याविरुद्ध कोणाशी झगडणार?

मे 2010 मध्ये अहमदाबादेत पारा 46.8 अंशांवर गेला. त्या महिन्यात शहरात नेहमीच्या सरासरीपेक्षा 1,344 मृत्यू अधिक झाले, हे पुढे अभ्यासकांनी मोजून काढले. त्या वेळी ते उष्माघाताचे बळी म्हणून कुठे दिसले नव्हते, कारण ऊन लागून मेलेला माणूस कागदावर हृदयाने, मूत्रपिंडाने किंवा नुसत्या वयाने मरतो. शहरातल्या एका रुग्णालयात वरच्या मजल्यावर, तापलेल्या गच्चीखाली असलेला प्रसूती विभाग खालच्या मजल्यावर आणल्यावर उन्हाने आजारी पडणाऱ्या नवजात बालकांचे प्रमाण घटले, असेही एका अभ्यासात नोंदलेले आहे. या अनुभवातून 2013 मध्ये महापालिकेने उष्णतेविषयीचा कृती आराखडा केला. दक्षिण आशियातला हा पहिलाच. पूर्वसूचना, दवाखान्यांची तयारी, पाण्याची सोय, बागा दुपारी उघड्या ठेवणे अशा चांगल्या गोष्टी त्यात होत्या. आणि तो एक सल्ला होता, जो आता प्रत्येक उन्हाळ्यात आपल्याकडेही भिंतींवर लागतो: दुपारी घराबाहेर पडू नका.

या सल्ल्यात दोन गोष्टी गृहीत आहेत. घराबाहेर न पडता दिवस निघेल ही एक, आणि घरात बाहेरपेक्षा गार असते ही दुसरी. पत्र्याच्या घरात दुपारी तीन वाजता ज्यांनी पाच मिनिटे काढली असतील त्यांना दुसऱ्या गृहीताविषयी काही सांगायला नको. पत्रा दिवसभर ऊन पितो आणि ते खाली सोडत राहतो. बंद खोलीतली ती धग रात्रीही सरत नाही. इथे तापमान मोजण्याच्या शास्त्रातली एक साधी बाब सांगणे अगत्याचे आहे. हवामान खात्याचा तापमापक माणसाच्या छातीएवढ्या उंचीवर, पांढऱ्या रंगाच्या झडपांच्या लाकडी पेटीत, सावलीत ठेवलेला असतो. तो तसाच ठेवावा लागतो, नाहीतर हवेचे तापमान कळण्याऐवजी तापलेल्या काचेचे कळेल. म्हणजे बातम्यांत आपण जो 44 किंवा 46 चा आकडा ऐकतो तो सावलीचा असतो. पाटी घेऊन डांबरावर बसलेल्या बाईचे ऊन त्या आकड्यात नाही, आणि पत्र्याखाली वाकून बसलेलीचेही नाही. एवढेच नव्हे, ती पाणीही बेताचे पिते, कारण बाजारात बायांसाठी मुतारी नसते. उन्हाळ्याच्या तक्त्यात हा रकाना अजून कोणी काढलेला नाही.

सेवाच्याच परिवारातून 1994 मध्ये निघालेल्या महिला हाउसिंग ट्रस्टने काम सुरू केले ते या पत्र्यापासून. वस्तीतल्या बायांनी एकत्र बसायचे, कोणाचे छप्पर किती तापते ते पाहायचे, मग पांढरा परावर्तक रंग, वेगळ्या साहित्याचे छप्पर किंवा हवेला वाट, यांतले काय परवडेल ते ठरवायचे आणि त्यासाठी कर्जाची सोय लावायची. महापालिकेने 2017 मध्ये तीनेक हजार छपरांना पांढरा रंग देण्याचा उपक्रम केला तेव्हा हे वळण अधिकृत झाले. पांढऱ्या छपराने खोली दोनपासून पाच अंशांपर्यंत उतरते असे सांगतात. दोन अंश म्हणजे काय ते विड्या वळणारीला विचारावे. तिचे घर हाच तिचा कारखाना. पानाच्या पुड्यावर आणि तंबाखूवर वारा नको म्हणून पंखाही बंद. आपल्याकडे सोलापूरच्या विडी कामगार स्त्रियांनी वर्षानुवर्षे लढून कुंभारीला गोदूताई परुळेकरांच्या नावाची दहा हजार घरांची वसाहत मिळवली, 2006 मध्ये घरांचा ताबा मिळू लागला. तिची नोंद आपण 'घरकुल' या सदरात करतो. खरे तर ती कामाच्या जागेच्या सुधारणेचीही नोंद आहे, आणि मला वाटते 1948 च्या कायद्यातल्या 'सुसह्य तापमाना'च्या कलमाशेजारी तिला जागा द्यायला हवी.

रस्त्यावरच्या बाईला मात्र छप्पर नाही. तिला दुपारी बसायचे तर त्या दुपारची कमाई सोडावी लागते. 2023 मध्ये सेवाने काही आंतरराष्ट्रीय संस्थांच्या साहाय्याने एक निराळा विमा गुजरातच्या 5 जिल्ह्यांत, 21 हजार स्त्रियांसाठी, सुरू केला. तापमान ठरलेल्या मर्यादेपलीकडे गेले की नुकसानीचा पुरावा न मागता पैसे द्यायचे. मिठागरातली अगरिया बाई असो, भंगार वेचणारी असो की भाजीवाली. आपण आजारी पडलो हे तिने सिद्ध करायचे नाही. 2024 मध्ये गुजरात, राजस्थान आणि महाराष्ट्र मिळून 22 जिल्ह्यांतल्या 50 हजार स्त्रिया त्यात होत्या, आणि त्या मे महिन्यातल्या लाटेत 46 हजारांहून अधिक जणींना काही ना काही रक्कम मिळाली. पहिल्या टप्प्यातली मदत 400 रुपयांची होती.

या 400 रुपयांकडे कसे पाहावे याविषयी माझे मन एकदा इकडे जाते, एकदा तिकडे. एका अर्थाने 1884 चा दुपारचा अर्धा तास इतक्या वर्षांनी भिंतीबाहेरच्या बाईपर्यंत पोचला असे म्हणता येईल, आणि तोही भरपगारी. जिला सुट्टी देणारा कोणी नव्हता तिला तिच्याच संघटनेने ती दिली. दुसरीकडे, या सुट्टीच्या खर्चाचा काही भाग तिनेच हप्त्याच्या रूपाने भरलेला असतो, काही परदेशी दात्यांनी. आणि जिच्या डोक्यावरून गठ्ठे जातात तो व्यापारी, जिच्याकडून बाजारपावती फाडली जाते ती पालिका, जिच्या वेचलेल्या कचऱ्यावर शहर स्वच्छ राहते ते शहर, यांना या हिशेबात कुठेच ओढलेले नाही. मालक नसलेल्या कामगारांची संघटना ही 1972 मध्ये मोठी झेप होती. पण मालक खरोखरच नाही की फक्त दिसत नाही, हे विचारायचे राहून जाऊ नये. व्यापाऱ्यांचे शब्द कार्डावर छापून त्यांच्याच पुढे धरणाऱ्या संघटनेला हे सांगायला मी कोण; तरीही विम्याच्या कौतुकाचे जे लेख मी वाचले त्यांत हा सवाल मला आढळला नाही म्हणून लिहिते. शिवाय आकडा जिल्ह्याचा. जिल्ह्याचा पारा मर्यादेच्या अर्धा अंश खाली राहिला तर त्या दिवशी पैसे नाहीत. बाजारातले डांबर मात्र तेवढेच तापलेले.

आमच्या महाविद्यालयाच्या रस्त्यावर भाजीबाजार भरतो. तिथल्या बाया सकाळी पूर्वेच्या बाजूला बसतात. अकरा वाजले की बँकेच्या इमारतीची सावली आखडते तसतशा त्या पाट्या सरकवत भिंतीला टेकतात, साडेबाराला सावली संपते, आणि दोनच्या पुढे रस्ता ओलांडून पलीकडे नवी सुरू होते. मधले दीड तास त्या ओले फडके भाजीवर घालतात आणि पदर डोक्यावर. गेल्या वर्षी सात-आठ जणींनी पैसे जमवून रोपवाटिकेत वापरतात तसली हिरवी जाळी आणि चार बांबू आणले. आठवड्याभरात अतिक्रमणाची गाडी आली आणि जाळी बांबूंसकट घेऊन गेली. त्यांनी पुन्हा पैसे जमवले. आता बांबू नाहीत. जाळीचे एक टोक बँकेच्या खिडकीच्या गजाला बांधतात, दुसरे उभ्या हातगाडीला. संध्याकाळी जाळीची घडी करून एकजण घरी नेते. कोणी कोणत्या वारी न्यायची ते ठरलेले आहे. बुधवारी न्यायची पाळी जिची असते तिच्या मुलीला मी उन्हाळ्यावरचा निबंध शिकवते.